पलीकडचं भोगवे

मालवणहून देवबागला गेलेल्या बहुतेकांनी भोगवे पाहिलेलं असतं. त्यांना ते ठाऊक नसतं एवढंच. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर होडीतून उतरायचं, पाठीमागे निळं पाणी येईल अशा बेताने उभं राहायचं आणि फोटो काढायचा. त्या फोटोत खांद्याच्या वर माडांची एक हिरवी रेघ आणि तिच्या पायथ्याशी वाळूचा पट्टा दिसतो, तो भोगव्याचा किनारा. मध्ये फक्त नदीचं मुख. होडीने पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचता येतं. गाडीने जायचं तर मात्र नदीच्या कडेकडेने वर नेरूरपारच्या पुलापर्यंत यायचं, पूल ओलांडून पुन्हा खाली परुळ्याकडे उतरायचं, आणि यात सकाळ संपते. दोन दिवसांत सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, स्कूबा, देवबाग आणि पोटभर मासे बसवायचे असलेल्या माणसाकडे अशी सकाळ शिल्लक नसते. भोगव्याचा एकांत टिकला आहे तो कुणाच्या निसर्गप्रेमामुळे नाही. नदी आडवी आली आणि रस्ता लांबचा पडला, म्हणून.

मी कुडाळच्या बाजूने आले. परुळ्याकडे जाताना चिपीचा सडा लागतो. फेब्रुवारीत सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालेलं, मधूनमधून काळा पडलेला जांभा, आणि त्या उजाडपणाच्या मधोमध विमानतळाचं कुंपण. ९ ऑक्टोबर २०२१ ला हा विमानतळ सुरू झाला तेव्हा आता इथलं गोवा होणार अशी भीती ऐकू यायची. आशाही तीच होती. त्याआधी १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, लगेच पुढच्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग धावू लागली, तेव्हाही लोक हेच म्हणत असणार. परुळ्याला आदिनारायणाचं, म्हणजे सूर्याचं, देऊळ आहे. कोकणात सूर्याची देवळं मोजकीच. राजापूरकडचं कशेळीचं कनकादित्याचं नाव बहुतेकांना माहीत असतं, परुळ्याचं कमी. तिथे पाच मिनिटं टेकले. पुढे सडा संपतो, रस्ता एकदम खाली झुकतो आणि एका वळणावर माडांचं गच्च बन, त्यापुढे वाळू आणि त्यापुढे समुद्र असं सगळं एकदम समोर येतं. रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा थांबवली. इथे सगळेच थांबतात म्हणाला.

मुक्काम ज्या घरी होता तिथल्या बाईंना सगळी वाडी काकी म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. वय साठीच्या अलीकडचं, आवाज अंगणापलीकडच्या माणसाला पोचेल एवढा.

"एकट्याच इलास?"

"हो."

"बरां. मासे खातास मां?"

एवढ्यावर चौकशी संपली. उद्या काय काय बघणार, हे मात्र त्यांनी रात्री जेवताना विचारलं. निवतीचा किल्ला आहे, डॉल्फिन आहेत, वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि तळं आहे, भाच्याची रिक्षा आहे. मी म्हटलं, दिवसभर इथेच समुद्रावर बसणार. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, दुपारी ऊन लागेल, टोपी आहे ना?

पश्चिम किनाऱ्यावरची सकाळ कॅलेंडरवरच्या चित्रासारखी नसते. सूर्य येतो मागच्या डोंगरावरून, त्यामुळे उजाडल्यावरही बराच वेळ किनारा सावलीत असतो. क्षितिजाजवळचं पाणी आधी उजळतं, मग तो उजेड लाटांवरून हळूहळू काठाकडे सरकतो. पायांखालची वाळू गार असते. वद्य पक्षातला अर्ध्याहून झिजलेला चंद्र अजून डोक्यावर होता. समुद्र चांगलाच वर आलेला, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या थोडा खाली.

होडीच्या आडोशाला एक म्हातारबुवा जाळ्याचा फाटका भाग गुडघ्यावर घेऊन बसले होते. भरती किती वाजता पुरी होईल, असं विचारल्यावर त्यांनी वर चंद्राकडेही पाहिलं नाही. "दशमी आज. साडेसात." कोकणात हा हिशेब घरोघर आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. मी फोनवर तपासलं, थोडा फरक होता, पण समुद्रावर जायचं की नाही हे ठरवायला त्याने काही बिघडलं नसतं. खरं तर भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढे सरकते, या हिशेबात ती पाऊण तास धरली आहे. रोजची ती पाच-पाच मिनिटं साचत जातात, पण अमावास्या किंवा पौर्णिमा आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि चूक पुसली जाते. ज्याने कुणी हे बसवलं त्याला चंद्राचं गणित कळत होतं आणि किती अचूकपणा पुरेसा आहे हेही.

अष्टमी नुकतीच होऊन गेल्यामुळे ही भांगाची भरती होती. म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तसाही इथला समुद्र मुंबईसारखा मोठ्या पल्ल्याचा नाही. उधाणालासुद्धा चढ-उतार तिथल्या निम्म्याच्या आसपास राहतो. म्हातारबुवा म्हणाले, चार दिवसांनी महाशिवरात्र, मग अमावास्या, तेव्हा बघा पाणी. आणि तेव्हा माणसंही बघा, कुणकेश्वरला. देवगडकडच्या त्या समुद्रकाठच्या देवळाची जत्रा मोठी. निम्मी वाडी तिकडे जाणार होती. बारा महिने मोकळ्या किनाऱ्यावर राहणारी माणसं मजा करायला गर्दीत जातात, याची मला गंमत वाटली. पुण्यात मी नेमकं उलटं करते.

तेवढ्यात दक्षिणेकडून कुणीतरी हाक घातली. म्हातारबुवांनी जाळं बाजूला ठेवलं, कमरेला करकचून गमछा बांधला आणि ते निघाले. रापण ओढायची होती.

रापणीबद्दल वाचलं पुष्कळ होतं. प्रत्यक्षात आधी काहीच कळत नाही. किनाऱ्यावर दहा-बारा माणसं एक दोर धरून उभी असतात, तशीच दहा-बारा माणसं बऱ्याच अंतरावर दुसरा दोर धरून असतात, आणि समुद्रात बघावं तर काहीही नाही. जाळं खूप आत असतं. पहाटे होडी एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, समुद्रात मोठा अर्धगोल घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणाऱ्या बोया, खालच्या कडेला वजनं, मध्ये पिशवीसारखा खोल भाग. मग उरतं ते ओढणं. इंजिन नाही, कप्पी नाही. माणसं दोर कमरेला घेतात, पाठ समुद्राकडे करतात आणि वाळूत टाचा रोवत डोंगराच्या दिशेने चालू लागतात. शेवटचा माणूस वर पोचला की दोर सोडतो, खाली पाण्याकडे येतो आणि पुढून पुन्हा धरतो. असं फिरत राहतं. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंकडे पाहत असतो, कारण एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे पडली तर जाळं वाकडं होतं आणि मासा निसटतो. दोन्ही फळ्या ओढता ओढता एकमेकींच्या जवळही सरकत येतात. अर्ध्या-पाऊण तासाने लाटांपलीकडे बोयांची कमान दिसू लागली तेव्हा कुठे मला हे सगळं एकच काम आहे हे जाणवलं.

कुणीतरी म्हणालं, "ताई, धरा." मी धरला. पूर्वी हे दोर काथ्याचे असत, आता नायलॉनचे आहेत. हाताला ते मऊ लागतात असा समज करून घेऊ नये. माझ्यामुळे रापणीला कितपत हातभार लागला याचा अंदाज मला पुढच्या बाईंच्या चेहऱ्यावरून आला. त्या दोर ओढत होत्या आणि त्याच वेळी मुलाच्या दहावीच्या परीक्षेबद्दल मागच्या बाईंशी बोलत होत्या. श्वास माझाच लागला होता.

जाळं उथळ पाण्यात आलं तसं सगळं एकदम बदललं. कुरव पक्ष्यांचा थवा कुठून उठला कळलं नाही, दोन घारी खाली झेपावू लागल्या, इतका वेळ माडांखाली बसलेल्या बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरल्या. पिशवी वाळूवर आली. चांदीचा एक हलणारा ढीग: बहुतेक तारले आणि पेडवे, मध्ये थोडे बांगडे, फुगून चेंडू झालेला एक केंड, शेपटी आपटणारं एक लहान पाकट. केंड आणि पाकट कुणीतरी सवयीने पायाने पाण्यात लोटले. मला ढीग मोठा वाटला. तांडेलांनी एकदाच नजर टाकली. "आज काय गावाक नाय," ते म्हणाले.

वाटणी तिथेच झाली. जाळ्याचा आणि होडीचा एक हिस्सा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. त्यात वय, जोर, कोण कितीदा दोर धरून वर चढलं, असं काही पाहिलं गेलं नाही. म्हातारबुवांचा वाटा तरण्या पोरांएवढाच. मला दोन बांगडे मिळाले. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर दहावीच्या मुलाच्या आईने "हात लावलास मां दोराक?" असं विचारून माझ्या पिशवीत टाकलेसुद्धा.

गाबीत समाजाची ही मासेमारी काठाशी येणाऱ्या थव्यांवर चालते. थवा काठापर्यंत आलाच नाही तर दोर कितीही ओढा. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक नौका बाहेरच अख्खा थवा वेढून उचलतात, हे भांडण या किनाऱ्यावर जुनं आहे. समुद्रात अडवाअडवी झाली, मोर्चे निघाले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा घातल्या. मर्यादा कागदावर स्पष्ट आहेत. रात्रीच्या समुद्रात कोण कुठे जाळं टाकतंय हे पाहायला माणूस आणि बोट लागते. तांडेल यावर फार बोलले नाहीत. पूर्वी एका रापणीत किती मासा यायचा हे सांगायला त्यांनी दोन्ही हात पसरले, मग ते हात कशालाच पुरेनात असं पाहून खाली घेतले.

साडेनवाला ऊन किनाऱ्यावर उतरलं आणि दहाच्या सुमारास गर्दी आली. खरोखरची गर्दी, देवबागहून, होड्यांतून. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या या होड्या भोगवे-निवतीच्या बाजूला येतात. इथले डॉल्फिन हे पाठीवर कुबड असलेल्या जातीचे, उथळ पाण्यात आणि नदीच्या मुखाजवळ वावरणारे, म्हणून किनाऱ्यावरूनही दिसतात. आधीच दोनदा मी त्यांच्या पाठी पाहिल्या होत्या: काळपट, सावकाश वर येणाऱ्या आणि तितक्याच सावकाश जाणाऱ्या. आता त्यांच्यामागे चार होड्या होत्या. एक होडी काठाला लागली. केशरी जाकिटं घातलेलं एक कुटुंब उतरलं, आजीला दोघांनी धरून उतरवलं. "इथे काय आहे?" असं एका मुलाने विचारलं. नावाड्याने "बीच" असं उत्तर दिलं. मुलाने इकडेतिकडे पाहिलं. फोटो झाले. आजी मात्र साडी किंचित वर धरून पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि हाका मारल्या तरी बराच वेळ हलल्या नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळे निघून गेले. माझ्या मनात 'सुटलो' असं आलं, आणि आपण इथे रात्रीपासून आहोत एवढ्या भांडवलावर आपण किनाऱ्याचे मालक झालो की काय, असंही आलं.

त्यानंतर दुपारपर्यंत मी, दोन कुत्री आणि खेकडे. ओहोटी उतरत होती. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांच्या नक्षी उमटू लागल्या, एका भोकाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या. करंगळीच्या नखाएवढा खेकडा हे करतो. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक ओळ संपली की भोकाशी परत, मग दुसऱ्या दिशेने दुसरी ओळ. पुढच्या भरतीने हे सगळं पुसलं जाणार आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. मी एका खेकड्यासमोर इतकी निश्चल बसले की तो माझ्या चपलेपर्यंत गोळ्या टाकत आला. पुण्यात माझं एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ लक्ष लागलं असेल, असं वाटत नाही. तिथे दर थोड्या वेळाने काहीतरी दुसरं बघायला असतंच. जिथे बघायला यादी नाही तिथे जे समोर आहे तेच बघावं लागतं, आणि बहुधा म्हणूनच अशा जागी पहिले दोन तास कंटाळा येतो. मलाही आला. तो कुणी प्रवासवर्णनात लिहीत नाही.

वरच्या कोरड्या वाळूत मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या जोडपानांची. तिच्यामागे रावणाच्या मिशा नावाचं टोचरं गवत, त्यामागे सुरूची झाडं, मग कुंपणं आणि माड. वाळू धरून ठेवण्याचं काम यातली पहिली दोन करतात. किनाऱ्यावर गाडी आणता यावी म्हणून ती उपटली की पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत वाळू जायला लागते, मग दगडी बंधारा बांधावा लागतो. समोर देवबागच्या बाजूला नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दोन्हीकडून पाणी दिसतं, आणि तिथे समुद्राच्या अंगाला दगडांचे ढीग रचलेले आहेत.

एक वाजता काकींची हाक आली. "जेवूक येवा!" हाक किनाऱ्यावर ऐकू आली, यावरून आवाजाची कल्पना यावी.

उकड्या तांदळाचा भात, माझ्या दोन बांगड्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं, सुक्या जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि सोलकढी. तिरफळ मी चुकून चावलं की काकी हसायच्या. पंख्याखाली जेवता जेवता मी म्हटलं, तुमचा किनारा असाच शांत राहू दे. शहरातून येणारा प्रत्येक जण हे म्हणतच असणार. काकींनी भात वाढता वाढता ऐकून घेतलं.

"तुमका गर्दी नको, आमका व्हयी."

मग त्यांनी हिशेब सांगितला. घरामागच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधायला सोसायटीचं कर्ज काढलं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर खोल्या रिकाम्या. मुलगा गोव्यात हॉटेलात काम करतो, दुसऱ्याच्या पाहुण्यांच्या चादरी बदलतो, आणि घरच्या खोल्यांच्या चादरी त्यांना एकटीला बदलायला लागतात, कारण त्या बदलायच्या आहेत त्या वर्षातले थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांसाठी तो नोकरी सोडून कसा येणार? मी विचारलं, मग देवबागसारखं व्हावं का? त्या पटकन नको म्हणाल्या. त्यांची बहीण तिकडे दिलेली आहे. सकाळपासून पाण्यावर इंजिनांचा आवाज, विहिरीचं पाणी मे महिन्यात खारं होतं, आणि कचरा. किती माणसं आली की बरं, याचं त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर होतं: त्यांच्या दोन खोल्या शनिवार-रविवार भराव्यात आणि वाडीतल्या बाकीच्यांच्याही. त्याहून जास्त झाली तर रापणीची होडी कुठे लावायची?

असा आकडा कुठल्या पर्यटन आराखड्यात मी वाचलेला नाही. आराखडे दुसरं मोजतात. ब्लू फ्लॅग या किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानांकनासाठी देशातल्या ज्या तेरा किनाऱ्यांची आधी निवड झाली त्यात भोगवे होतं. त्या झेंड्याच्या तेहतीस अटी असतात: पाण्याची तपासणी, स्वच्छतागृहं, जीवरक्षक, कचऱ्याची व्यवस्था, अपंगांसाठी वाट. २०२० मध्ये आठ किनाऱ्यांना तो मिळाला तेव्हा महाराष्ट्रातला एकही त्यात नव्हता. काकींना झेंड्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. एसटी वेळेवर आली आणि जीवरक्षक म्हणून वाडीतल्याच दोन पोरांना पगारावर ठेवलं, तर झेंडा कुठल्याही रंगाचा चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

जीवरक्षकाचा मुद्दा त्यांनी उगाच काढला नव्हता. दुपारी ऊन कलल्यावर मी उत्तरेकडे, नदीच्या मुखाकडे निघाले तेव्हा त्यांनी अंगणातूनच बजावलं: "थंय पाण्यात जाव नकात. पाणी ओढता." मुखाजवळ समुद्र शांत दिसतो, लाटा मोडताना दिसत नाहीत, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा पोहायला सोयीची वाटते. तिथेच खाली प्रवाह असतो. ओहोटीला नदीचं आणि खाडीभर पसरलेलं भरतीचं पाणी अरुंद तोंडातून एकदम बाहेर पडतं. मी गेले तेव्हा भरती सुरू झालेली होती आणि पाणी उलट्या दिशेने, आत, वेगाने चाललं होतं. एक वाळलेली झावळी माझ्यासमोरून नदीत शिरली आणि पाहता पाहता वळणाआड गेली. माणूस चालतो त्याहून तिचा वेग जास्त होता.

पलीकडे देवबाग. रंगीत छत्र्या, ओळीने लावलेल्या जेट स्की, आकाशात एक पॅराशूट. मधल्या वाळूच्या बेटाला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात; २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. दुपारनंतर वारा वायव्येकडून येत असल्यामुळे तिकडचे आवाज स्पष्ट येत होते: इंजिन, किंकाळ्या, हिंदी गाणं, कुणीतरी कुणाला "मम्मी, इकडे बघ" म्हणालेलं. सकाळी वारा जमिनीवरून वाहत होता तेव्हा यातलं काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे सकाळची ती शांतताही थोडी वाऱ्याची कृपा होती. मी जिथे उभी होते तिथे बगळे आणि एक खंड्या सोडून कुणी नव्हतं. मधलं अंतर इतकं थोडं की पलीकडच्या मुलाच्या टी-शर्टवरचा आकडा वाचता येईल असं वाटावं. काकींची बहीण त्या काठावर, काकी या काठावर, आणि दोघींना भेटायचं झालं की त्या ओळखीच्या होडीवाल्याला फोन करतात. पूल व्हावा असं काकींच्या बहिणीला वाटतं. काकींनी याबद्दल आपलं मत सांगितलं नाही.

परतताना सगळा किनारा चालून दक्षिणेकडच्या टोकापर्यंत गेले. तिथे खडक सुरू होतात आणि वर निवतीच्या किल्ल्याचा डोंगर. १८१९ मध्ये इंग्रजांनी रेडीचा यशवंतगड घेतला त्याच मोहिमेत हाही घेतला. आता बुरूज झाडोऱ्यात बुडालेले आहेत. वर गेले नाही, खालूनच पाहिला. तिथून बाहेर समुद्रात, हवा स्वच्छ असली की, वेंगुर्ला रॉक्सचे ठिपके दिसतात. त्या खडकांच्या गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. त्या घरट्यांचं सूप चीनकडे महागात विकलं जातं, म्हणून ती चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या लोकांनी पाठपुरावा करून पाकोळ्यांच्या रक्षणासाठी काम केलं. गर्दीपासून इतक्या लांब, चहूबाजूंनी पाणी असलेल्या खडकांवरही माणूस बरोबर पोचलाच होता.

सूर्यास्ताला किनाऱ्यावर मी धरून सात जण होते. त्यातले चार वाडीतलेच, क्रिकेट संपवून बसलेले. सूर्य बुडाला त्याकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण एकाच्या फोनवर कसलातरी निकाल लागत होता. साडेसातला पाणी पुन्हा सकाळच्या जागी, होड्यांच्या थोडं खाली. जेवताना काकींनी सांगितलं की उद्या रापण नाही, तांडेल कुडाळला लग्नाला जाणार आहेत.

निघताना त्यांनी वहीच्या कागदावर फोन नंबर लिहून दिला आणि चार लोकांना सांगा म्हणाल्या. नंबर मी इथे छापत नाही, पण सांगायचं ते सांगते. कुडाळला उतरावं, परुळ्याची एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर रिक्षा. भोगव्यात घरगुती खोल्या बऱ्याच आहेत. शनिवारी-रविवारी गेलात तर त्यांच्या चादरी धुतल्याचं सार्थक होईल. वालावल वाटेवरच पडतं, तिथेही थांबा. जेवणाचं आदल्या रात्रीच कळवावं, कारण मासा सकाळी सातला घेतला जातो आणि नऊनंतर आलेल्याला पिठी-भातावर भागवावं लागतं.